कुमुदआत्याची तपासणी

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळेच कशाला ना कशाला भीत होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, छाननी समितीला भीत होते. ग्वाल्हेरच्या महाराजांचं राज्य जाऊन मध्यभारत झाला होता, संस्थानची फौज हिंदुस्थानच्या फौजेत विलीन व्हायची होती, आणि फौजी खात्यातल्या प्रत्येक कारकुनाची कागदपत्रं तपासून कोणाला ठेवायचं, कोणाला इंदूरला धाडायचं, कोणाला घरी बसवायचं हे ठरत होतं. आई इंदूरला भीत होती. तिच्या लेखी इंदूर म्हणजे लंकाच. तिथे आपली माणसं नाहीत, तिथे खोली एकच मिळणार, तिथलं पाणी मानवत नाही. आणि मी, अकरा वर्षांची नली, पोलिसांना भीत होते. का, ते पुढे सांगते. फक्त कुमुदआत्या कशालाच भीत नाही असं आम्हां सर्वांना वाटायचं.

आत्या अण्णांची धाकटी बहीण. सोळाव्या वर्षी झाशीला दिली, अठराव्या वर्षी नवरा लढाईत गेला. वर्षश्राद्ध झालं आणि हिने झाशीच्या दिरांना न विचारता, फक्त अण्णांची सही घेऊन, फौजेच्या बायकांच्या तुकडीत नाव घातलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली होती, इंग्रजी बोलायची, म्हणून तिला टेलिफोनवर बसवलं आणि आसामच्या बाजूला पाठवलं. लढाई संपल्यावर ती परत आली ती आमच्याकडेच. शहराच्या लष्कर म्हणतात त्या भागात, जयेंद्रगंजात एका बोळात वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. खाली मालकीण अम्माजी, वर आम्ही, आणि गच्चीलगतच्या छोट्या खोलीत आत्या. गल्लीतल्या मराठी बायका तिला हळदीकुंकवाला तर बोलवत नसतच, पण साध्या सत्यनारायणालाही बोलवत नसत. पलटणीत राहून आलेली बाई! एवढ्या चार शब्दांत त्यांचं सगळं म्हणणं येऊन जायचं. आईसुद्धा कुरकुरायची, "वन्सं फार गर्विष्ठ झाल्यात. दहा हाका माराव्या तेव्हा एक ओ. मेमसाब होऊन आल्यात."

त्या घराची आठवण आली की आधी आवाज येतात. पहाटे गिरणीचा भोंगा. मग गल्लीत टांग्यांच्या घोड्यांच्या टापा, आणि लांबून छोट्या लाइनच्या गाडीची किरटी शिटी. खाली अम्माजींचं रामायण, तेही अधूनमधून मोलकरणीला शिव्या देण्यासाठी थांबणारं. संक्रांत जवळ आली की नई सडकेवर गजक कुटण्याचा धपधप आवाज सुरू व्हायचा, आणि शाळेतून येताना तिळाचा आणि गुळाच्या पाकाचा वास थेट घशात उतरायचा. आई सिगडीवर गुळाच्या पोळ्या करायची. आत्या बाजूला बसून तीळ पाखडायची. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे हसायचे. "आई, मी ना, बाजार जाऊन येते," असं मी म्हणायचे. आणि आम्ही दोघी-तिघी मुली जमलो की वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. आज इतक्या वर्षांनी पुण्यात राहून माझी भाषा सुधारली म्हणतात. घाबरले की मात्र मी अजून हिंदीतच घाबरते.

आत्याचं गुपित मला कळलं ते एका दुपारी. आई शेजारी गेली होती. मी मोठी पितळी परात दोन्ही हातांत धरून गच्चीच्या पायऱ्या चढत होते, आणि शेवटच्या पायरीवर ती निसटली. दगडी फरशीवर आदळून, गोल गोल फिरत ती अशी खणखणत राहिली की खालून अम्माजी ओरडल्या, "अरी मरी, क्या गिराया?" आत्या माझ्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, उन्हात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वळवली नाही. खडा उचलला, बाजूला टाकला, पुढचा शोधू लागली. मी तशीच उभी. मग हळूच म्हणाले, "आत्या." मग मोठ्याने, "आत्या!" आणि मग, का कोण जाणे, मुलांच्या अंगात असतो तो दुष्टपणा असेल, मी म्हणाले, "आत्या, तू बहिरी आहेस." माझी सावली तांदळावर पडली असावी. ती वळली, आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहताच तिला सगळं समजलं.

तिने माझं मनगट धरलं. तिचा हात थंडगार होता. "कुणाला सांगशील?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"उजव्या कानाने थोडं येतं मला. समोरून बोललं की ओठांवरून कळतं. डावा गेलाच." मग म्हणाली, "तुझ्या अण्णांना कळलं तर ते मला झाशीला पाठवतील. तिथे मला राबवून घेतील, नले. मरेपर्यंत."

मला झाशीचे तिचे दीर माहीत होते. वर्षातून दोनदा यायचे, अण्णांना म्हणायचे, "वहिनींना आता घरी धाडा, घरात बाईमाणूस लागतं." त्यांची बायको आजारी, मुलं पाच. अण्णा प्रत्येक वेळी बघू म्हणायचे. आता इंदूरची बदली डोक्यावर होती, तिथे खोली एक, आणि त्या बघूचा काही भरवसा उरला नव्हता.

त्याच सुमाराला अण्णांनी कचेरीतून एक कागद आणला. नव्या सरकारने हुकूम काढला होता: लढाईच्या काळात फौजेत काम केलेल्या बायकांसाठी काही सोयी. लष्करच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांच्यासाठी दोन जागा राखून ठेवल्या होत्या. ज्यांना दुसरं काम शिकायचं असेल त्यांना शिकवण्याची सोय, आणि नोकरीत असताना ज्यांच्या शरीराला इजा झाली त्यांना उपचार आणि निर्वाह. अण्णांनी तो कागद समोर बसून आत्याला वाचून दाखवला. पुरुषांसाठी असलं काही निघतं हे ठाऊक होतं, बायकांसाठीही निघालं याचं अण्णांना फार नवल वाटलं. "कुमे, एक्स्चेंजची नोकरी तुझ्याच नावाची आहे. तुझ्याइतका अनुभव आख्ख्या लष्करात कुणाला आहे? फक्त मुरारच्या फौजी इस्पितळात तपासणी द्यायची. नोकरी लागली की तू इथेच राहा, अम्माजी वरची खोली देतील." आत्याने कागद हातात घेतला. तिने पहिलं कलम दोनदा वाचलं. खालची वाचलीच नाहीत, हे मी पाहिलं.

आता पोलिसांचं सांगते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पेंढारकरकाका राहायचे, अण्णांच्याच खात्यात. छाननीत आपल्याला म्हातारा म्हणून काढतील या भीतीने त्यांनी नोकरीच्या कागदावरची जन्मतारीख खाडाखोड करून चार वर्षांनी पुढे नेली होती. ते पकडले गेले. दोन शिपाई त्यांना भर सकाळी टांग्यात मध्ये बसवून नई सडकेवरून घेऊन गेले. दुकानदार फळ्या काढता काढता थांबून बघत होते. मी शाळेत निघाले होते. काकांनी टोपी डोळ्यांवर ओढली होती, तरी मला पाहिलं, आणि नेहमीप्रमाणे हसायला गेले. त्यांची सुमन माझ्या वर्गात होती. ती त्या दिवसापासून शाळेत आली नाही. तिची रिकामी जागा माझ्या पुढच्याच बाकावर होती, आणि गणिताच्या तासाला मी फळ्याकडे पाहिलं की आधी ती जागा दिसायची. सरकारी कागदावर खोटं बोललं की असं होतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

आणि तेवढ्यातच आत्याने मला सांगितलं की तपासणीला मी तिच्याबरोबर यायचं.

"कानाची तपासणी कशी करतात मला माहीत आहे," ती म्हणाली. "आपल्याला पाठमोरं उभं करतात. डॉक्टर मागे वीस फुटांवर जाऊन कुजबुजतो, आकडे नाहीतर शब्द. आपण ते म्हणून दाखवायचे. तू माझ्यासमोर बाकावर बसायचं. हातात पुस्तक धरायचं, आणि तो जे बोलेल ते ओठांनी म्हणायचं. आवाज नको. पाढे पाठ करणाऱ्या मुलीसारखं."

"पण आत्या, नोकरीवर तुला ऐकू कसं येणार?"

"टेलिफोनचं यंत्र उजव्या कानाला घट्ट लावलं की मला येतं. लोकांची कुजबूज येत नाही एवढंच. टेलिफोनवर कोण कुजबुजतं, वेडे? सगळे ओरडतात."

हे बरोबर होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. कदाचित तिला खरंच येत असेल. पण माझ्या मनात वेगळंच यायचं: कुणाच्या घराला आग लागलीय, तो टेलिफोनवर ओरडतोय, आणि आत्या तांदूळ निवडावेत तशी शांत बसलीय. आठवडाभर दुपारी, आई झोपली की, आम्ही गच्चीवर सराव करायचो. मी पुस्तकावर मान घालून हिंदी आकडे पुटपुटायची, ती दहा पावलांवर उभी राहून ओळखायची. उनतीस आणि उनतालीस, उनसठ आणि उनहत्तर तिचे चुकायचे. "शेवट जरा स्पष्ट कर. पण तोंड मोठं नको." खाली अम्माजींचं रामायण चालू असायचं. माझे तळहात घामाने ओले होऊन पुस्तकाच्या पुठ्ठ्याचा लाल रंग बोटांना लागायचा. जेवताना माझं ताट निम्मं तसंच उरायचं. आई म्हणायची, पोरीला ताप येऊन राहिलाय. मला देवाकडे मागायचं होतं की ताप येऊ दे, पण तसं मागणं म्हणजे आत्याला झाशीला धाडण्यासारखं होतं. म्हणून मी काहीच मागितलं नाही.

तपासणीच्या दिवशी धुकं होतं. टांग्यात आत्याने तिच्या फौजी ओव्हरकोटात मला ओढून घेतलं होतं. पडाव नावाची वस्ती ओलांडून मुरारच्या रस्त्याला लागलो तशी तिने माझ्याकडे पाहून विचारलं, "भ्यायलीस?" मी नाही म्हटलं. इस्पितळ म्हणजे लांबलचक बराक, लाल कौलं, आणि व्हरांड्यात फिनेलचा वास. बाकांवर बसलेले सगळे पुरुष, कुणाचा पाय नाही, कुणाच्या डोळ्यावर पट्टी. एवढ्या सगळ्यांत बाई एकटी आत्या. ते तिच्याकडे बघायचे आणि नजर काढून घ्यायचे. दारात खाकी वर्दीतला शिपाई उभा होता. त्याच्या पट्ट्याचं पितळी बक्कल माझ्या डोळ्यांच्या उंचीला येत होतं. आत जाताना मी त्या बक्कलाखेरीज काही पाहिलं नाही.

डॉक्टर पिकल्या मिशांचे कॅप्टन होते, सोबत केरळकडच्या एक सिस्टर. उंची झाली, वजन झालं, डोळे झाले. मला सिस्टरनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. आत्या सहज म्हणाली, "बच्ची को सामने बैठने दीजिए, घबराती है अकेली," आणि मी स्टूल ओढत समोर आले. पुस्तक उघडलं. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेले.

"छत्तीस," ते कुजबुजले. माझे ओठ हलले. "छत्तीस," आत्या म्हणाली.

"इक्यासी." "इक्यासी."

"उनसठ." मी शेवट स्पष्ट केला. "उनसठ." आत्याच्या चेहऱ्यावर एक रेघसुद्धा हलली नव्हती. मला वाटलं, झालं, सुटलो.

मग बराच वेळ काही आलं नाही. मी पुस्तकावरून किंचित नजर वर केली. डॉक्टर आत्याच्या खांद्यावरून सरळ माझ्याकडे बघत होते. त्याच हळू आवाजात, एक एक शब्द सुटा करत ते म्हणाले, "सामने बैठी बच्ची को मालूम है, सरकार से झूठ बोलने पर क्या होता है?"

माझे ओठ चिकटले. पेंढारकरकाकांची डोळ्यांवर ओढलेली टोपी मला दिसली. दारातल्या शिपायाचा बूट वाजला. आत्या माझ्या तोंडाकडे बघत होती, थांबली होती, पुढच्या आकड्याची वाट बघत होती. त्या खोलीत आम्ही चौघं होतो आणि काय घडलंय हे तिला एकटीलाच माहीत नव्हतं. तिने भुवया किंचित उचलल्या. मग, अगदी आत्मविश्वासाने, ती म्हणाली, "अड़सठ."

सिस्टरनी मान खाली घातली. आणि मी ओरडले. "उसको सुनाई नहीं देता! मैं बता रही थी! हमको मत पकड़ो!" पुस्तक खाली पडलं. स्टुलावरून माझ्या पायांवर गरम ओघळ आला, फरशीवर थारोळं झालं, आणि मी मान खाली घालून त्या थारोळ्याकडे बघत रडत राहिले. आत्याने माझे शब्द ऐकले नव्हते, पण ओठ वाचले होते.

डॉक्टरांनी दार लावून घेतलं. शिपायाला बोलावतील म्हणून मी डोळे मिटले, पण ते खुर्ची ओढून आत्याच्या समोर, उजेडात तोंड येईल असे बसले. "कब से?" त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, आसामपासून. दारूगोळ्याच्या कोठाराला आग लागली तेव्हापासून. "कागज़ में तो कुछ नहीं लिखा. छूटते वक़्त आपने दस्तखत किया है, कोई तकलीफ़ नहीं." मग ते म्हणाले, एक्स्चेंजसाठी मी पास करू शकत नाही. पण नोकरीत कान गेला असेल तर त्याची वेगळी केस होते. बरोबर काम केलेल्या कुणाची साक्ष आणा. आत्या उठली. "मुझे लूली-लंगड़ी में नाम नहीं लिखवाना," एवढं बोलून तिने कोट चढवला. सिस्टरनी माझे पाय पुसले, आपल्या खिशातली एक लिमलेटची गोळी माझ्या हातात ठेवली. ती मी खाल्ली नाही. टांग्यात आत्याने मला कोटात घेतलं नाही. मुरारपासून जयेंद्रगंजापर्यंत तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि तिने पाहिलं नाही म्हणजे मी काही बोलूही शकत नव्हते.

घरी तिने सांगितलं, जागा भरल्या. अण्णा हळहळले. आत्याला न्यायला या म्हणून झाशीला पत्र गेलं. पुढचे दोन आठवडे मी जिन्यावरचं प्रत्येक पाऊल मोजत जगले. आत्या माझ्याशी बोलत नव्हती. वाटी पुढे सरकवायची, वेणी घालायची, पण ओढून, आणि मुकाट्याने. एका सकाळी जिन्यात बुटांचा आवाज आला, आणि मी फटीतून पाहिलं: खाकी वर्दी. मी आतल्या खोलीत रजयांच्या ढिगामागे शिरले आणि तोंडात पदर कोंबावा तसा फ्रॉकचा घेर कोंबला. आईचा आवाज, पुरुषाचा आवाज, मग बूट परत उतरले. तरी मी बाहेर आले नाही. मग अण्णांचा आवाज आला, एक वाक्य मोठ्याने वाचणारा, आणि मध्येच थांबलेला.

तो इस्पितळाचा हरकारा होता. डॉक्टरांनी आत्याला न विचारताच केस सुरू केली होती, आणि साक्षीदार कधी आणता म्हणून चौकशीचा कागद पाठवला होता. त्यात सगळं लिहिलेलं होतं. माझं नाव मात्र नव्हतं, तपासणीत कुणी फसवाफसवी केली हेही नव्हतं. मी रजयांमागून निघून दारात आले तेव्हा आत्या खिडकीशी पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत होती. अण्णा तिच्या मागे उभे होते. "कुमे," ते म्हणाले. ती घडी घालत राहिली. "कुमे," ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. मग आणखी एकदा, अगदी हळू. मग ते तिथेच खाटेवर बसले आणि त्यांनी चष्मा काढला. तीन वर्षं ती त्यांच्या घरात होती. आई उठून आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने आत्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन इतक्या मोठ्याने बोलायला सुरुवात केली की आमच्या घरातला स्वयंपाक आख्ख्या गल्लीला कळू लागला.

साक्षीसाठी आत्या कुणाला लिहायला तयार नव्हती. अण्णांनी झाशीला पाठवायचं थांबवलं आणि साक्षीचा हट्ट धरला. शेवटी तिने एक नाव दिलं: डोरा. झाशीच्या रेल्वे कॉलनीतली अँग्लो-इंडियन, आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर टेलिफोनला बसायची. एका रविवारी सकाळच्या पॅसेंजरने ती आली. निळा फ्रॉक, लोकरी मोजे, हातात केकचा डबा. आमच्या जिन्यात असे मोजे कधी चढले नव्हते. अम्माजी बाहेर येऊन बघत राहिल्या. आईने तिला पाटावर बसवावं की खुर्चीवर या घोळात दोन्ही मांडलं. डोराने गुळाची पोळी तुपाचा हात चाटत खाल्ली आणि आणखी एक मागितली, तेव्हा आईचं अर्धं भय गेलं.

मग ती अण्णांकडे तोंड करून सांगू लागली. कोठाराला आग लागली तशी मुलींना खंदकात जायचा हुकूम झाला. पण इस्पितळाची लाइन तोडली असती तर जखमी कुठे न्यायचे हे कुणाला कळलं नसतं. म्हणून ह्या दोघी राहिल्या. दुसऱ्या धडाक्याला छताचा पत्रा आत आला. कुमुदच्या दोन्ही कानांतून रक्त आलं. "वो बोली, डोरा, लाइन मर गई. मैंने बोला, लाइन नहीं मरी, तुम्हारा कान मरा." बोर्डावर कुणाचा फोन आला की छोटी पितळी झाकणी पडते. कुमुदला ऐकू येत नव्हतं, पण झाकण्या पडताना दिसत होत्या. जी पडेल ती लाइन ती सरळ इस्पितळाला जोडत गेली. तीन तास.

अण्णांनी विचारलं, मग सुटताना सांगितलं का नाही?

"बोलती तो उसी हफ़्ते घर भेज देते. घर मतलब झाँसी. तो मैं टेस्ट में उसके सामने बैठी, हाथ में बाइबल लेकर. होंठ हिलाती रही." तिने माझ्याकडे पाहिलं. बहुधा आत्याने पत्रात लिहिलं असावं. "तुम डर गई, बच्ची. अच्छा हुआ. मैं नहीं डरी थी, इसीलिए इसके कागज़ में कुछ नहीं है."

हे सगळं चालू असताना आत्या बाजूला बसली होती. डोराचं तोंड अण्णांकडे होतं. आपल्याबद्दल काय बोललं जातंय ते तिला कळत नव्हतं, ती फक्त आमचे चेहरे बघत होती. मी उठले, तिच्यासमोर मांडी घालून बसले, आणि डोरा जे जे बोलली ते पहिल्यापासून तिला सांगितलं. या वेळी आवाजासकट. ती माझ्या ओठांवरून नजर न हलवता बघत राहिली.

साक्ष लिहून देणं डोराला सोपं नव्हतं. आपण स्वतः तपासणीत फसवलं हे सहीनिशी कबूल करायचं होतं, आणि ती रेल्वेच्या नोकरीत होती. अण्णांनी, ज्यांना पेंढारकरांचं ताजं होतं, तिला दोनदा सांगितलं, विचार करा. तिने आमच्या दौतीत टाक बुडवून सही केली आणि उरलेला केक मला दिला. तिला कुणी काही केलं नाही, हे मला फार वर्षांनी कळलं. तोवर मी रोज संध्याकाळी दिव्यापुढे तिचंही नाव घ्यायची. पेंढारकरकाकाही महिन्याभराने सुटून आले. नोकरी गेली, पण आले. सुमन पुन्हा शाळेत दिसली, आणि आम्ही दोघींनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

आत्याची केस मंजूर व्हायला उन्हाळा उलटून गेला. मध्ये कागद एका कचेरीतून दुसरीकडे गेले, एकदा गहाळ झाले, शिक्का जुना की नवा यावर अडले. तेव्हा सगळ्यांचेच कागद तसे हिंडत होते. कानाच्या उपचाराने काही फरक पडला नाही. पण सरकारने तिला टंकलेखन शिकवलं. मशीनच्या खडखडाटात बाकीच्या मुलींची डोकी दुखायची, हिचं काय दुखणार! मुरारच्या एका सरकारी कचेरीत ती टायपिस्ट लागली, आणि थाटीपुरात दोन नर्सबायांबरोबर तिला क्वार्टर मिळालं. झाशीचे दीर एकदा येऊन बघून गेले. दारावर तिच्या स्वतःच्या नावाची पाटी होती. ते बसलेसुद्धा नाहीत.

ती माझ्याशी पुन्हा बोलू लागली होती. केसांना तेल लावायची, धडे घ्यायची, थाटीपुराला गेले की बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणून द्यायची. पण मुरारच्या त्या खोलीबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. डोरा काहीही म्हणो, मला ठाऊक होतं की मी खरेपणाने बोलले नव्हते. मी स्वतःला वाचवायला बोलले होते. चांगलं झालं ते मागाहून झालं. त्या क्षणी मी तिला सोडून दिलं होतं. हे तिलाही ठाऊक असणार, असं वाटून मी तिच्याजवळ असतानाही आतून आखडलेली असायची.

मग अण्णांच्या बदलीचा हुकूम आलाच, आणि आम्ही इंदूरला निघालो. ग्वाल्हेरच्या स्टेशनावर ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, आईचे डोळे. आत्या कचेरीतून थेट आली होती, बोटांना कार्बनची शाई. गाडीने शिटी दिली, वाफ सोडली, इंजिनाचा एवढा गोंगाट झाला की शेजारी बसलेल्या आईला माझा शब्द ऐकू आला नसता. मी खिडकीच्या गजांना तोंड लावलं. आत्या चार पावलांवर उभी होती, आणि माझ्याकडे बघत होती.

"आत्या, तू रागावली नाहीस ना माझ्यावर? त्या दिवशी?"

त्या गोंगाटात ते फक्त तिलाच कळलं. गाडी हलली. ती दोन पावलं बरोबर चालली, आणि मग, आपला आवाज किती मोठा निघतोय याची तिला कल्पना नसावी, ती अशी ओरडली की हमाल थांबले, चहावाला वळला, आणि फलाटाच्या टोकाचा पोलीसही मान वळवून बघायला लागला.

"नाही गं पोरी! मुळीच नाही!"

अण्णा ओशाळून म्हणाले, "हळू, कुमे, हळू." पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.